अपस्मार : संगणकीय प्रतिमाने

मेंदूतील असंख्य चेतापेशी एकाच वेळी बेसुमार विद्युत्स्पंद सोडू लागल्या की अपस्माराचा झटका (फिट, आकडी) येतो. हा उद्रेक कुठे सुरू होतो, कसा पसरतो आणि कशाने शमतो, हे गणिती समीकरणे मांडून संगणकावर घडवून पाहतात. त्या मांडणीला अपस्माराचे संगणकीय प्रतिमान म्हणतात.

या प्रतिमानांचा पाया हॉजकिन व हक्सली यांनी १९५२ मध्ये घातला. पेशीच्या पटलातून सोडियम व पोटॅशियम आयनांची ये-जा होऊन स्पंद कसा उमटतो, याची समीकरणे त्यांनी दिली. विल्सन व कोवान यांनी १९७२ मध्ये एकेका पेशीऐवजी उद्दीपक व निरोधक पेशींच्या समूहांची सरासरी मांडली. निरोध दुबळा असताना मोजक्या पेशींचे स्पंद सगळ्या जाळ्याला कसे एकतालात आणतात, हे ट्रॉब व वाँग यांनी १९८२ मध्ये दाखवले.

रुग्णांच्या मेंदूतील नोंदींत प्रसाराचे दोन वेग दिसतात. झटक्याची आघाडी सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर सरकते, तर तिच्यामागचे स्पंद सेकंदाला कित्येक सेंटिमीटर धावतात. आघाडीपुढच्या निरोधक पेशी उद्रेक रोखून धरतात. अतिश्रमाने पेशींत क्लोराइड साचते, बाहेर पोटॅशियम वाढते, निरोध कोलमडतो आणि आघाडी पुढे सरकते. स्पंद मात्र तयार जोडण्यांवरून जात असल्याने वेगवान असतात.

सुहिता नाडकर्णी यांनी अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात पीटर युंग यांच्यासोबत २००३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात चेतापेशीला ॲस्ट्रोसाइट या आधारपेशीची जोड आहे. चेतापेशीने सोडलेल्या ग्लुटामेटमुळे ॲस्ट्रोसाइटमधील कॅल्शियम वाढते आणि तिचा प्रतिसाद चेतापेशीला पुन्हा उत्तेजित करतो. ॲस्ट्रोसाइटवरील ग्लुटामेटग्राही प्रमाणाबाहेर वाढले, तर बाह्य उद्दीपन नसतानाही आंदोलने चालू राहतात. नाडकर्णी यांचे पुढील संशोधन पुण्याच्या आयसर संस्थेत झाले.

जिर्सा व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील ‘एपिलेप्टर’ प्रतिमानात पाच चल असून त्यांतील एक संथ चल झटक्याची सुरुवात व शेवट ठरवतो. या प्रतिमानाला रुग्णाच्या एमआरआयवरून काढलेल्या जोडण्यांचे जाळे जोडून झटक्याचा उगम व शस्त्रक्रियेचा संभाव्य परिणाम अजमावला जातो. मात्र वेगवेगळ्या कारणांतून झटक्याचा एकसारखाच आलेख निघू शकतो. त्यामुळे प्रतिमान आलेखाशी जुळले, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही.