गोव्यातील ब्रॉडबँडचे जाळे आणि कुटुंबावरील दीर्घकालीन खर्च : पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या 'नव्या काबिजादी'तील तालुके होत. पोर्तुगीज सत्तेखाली ते अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. रस्ता, शाळा, वीज आणि टेलिफोन या सर्वच सोयी येथे किनाऱ्यावरील जुन्या तालुक्यांच्या मागाहून पोहोचल्या. ब्रॉडबँडचा इतिहासही याच क्रमाने जातो.

भारत सरकारने ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर केले, तेव्हा किमान वेग २५६ केबीपीएस ठरविण्यात आला. पुढील वर्षी भारत संचार निगमने लँडलाइनच्या तांब्याच्या तारेवरून ही सेवा सुरू केली. ही तार टेलिफोन केंद्रापासून जितकी लांब, तितका वेग कमी. साखळी वा पेडणे शहरात राहणाऱ्यास याची झळ फारशी लागली नाही. परंतु इब्रामपूर किंवा लाटंबार्से येथे वाडे विखुरलेले असल्याने दूरच्या घराला दुबळी सेवा मिळाली. याच दशकाच्या उत्तरार्धात राज्य सरकारने 'गोवा ब्रॉडबँड नेटवर्क' हाती घेतले. खाजगी कंपनीने जाळे उभारावे, ते तिच्या मालकीचे राहावे व तिनेच चालवावे, असे त्याचे स्वरूप होते. तालुक्याची कार्यालये व पंचायती जोडणे हे मुख्य उद्दिष्ट होते. पंचायतीच्या दारापर्यंत आलेली तार घरापर्यंत कोणी न्यावी, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

राष्ट्रीय पातळीवरही तेच घडले. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्यासाठी सुमारे २०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे पंचायतीमागे सुमारे ८ लाख रुपये. हीच योजना पुढे 'भारतनेट' झाली. २०१७ मध्ये खर्च ४२,०६८ कोटींवर गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. (शेवटच्या आकड्यात दहा वर्षांची देखभालही धरलेली आहे, हे लक्षात घ्यावे.)

हा पैसा येतो कोठून? २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के आकार सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतला जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला 'डिजिटल भारत निधी' हे नाव दिले. हा आकार बिलावर वेगळा दिसत नाही, पण अखेरीस तो ग्राहकाच्याच खिशातून जातो. ढोबळ हिशेब असा : दरमहा ५०० रुपयांच्या जोडणीवर १८ टक्के वस्तू व सेवा करासह ५९० रुपये होतात, दहा वर्षांत ७०,८००. त्यांपैकी १०,८०० रुपये कर आहे. मूळ ६०,००० रुपयांत ५ टक्क्यांप्रमाणे सुमारे ३,००० रुपये निधीचे निघतात. ज्या वाड्यावर तार पोहोचलीच नाही, तेथील मोबाइलधारकही हा आकार देतोच.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव येथे उपयोगी ठरतो. तेथे २००९ मध्ये घरोघरी फायबर नेण्याची ४३ अब्ज डॉलरपर्यंतची योजना जाहीर झाली. २०१३ नंतर काटकसरीसाठी अनेक ठिकाणी जुनी तांब्याची तार ठेवण्यात आली आणि पुढे त्यातील बऱ्याच घरांसाठी पुन्हा फायबरवर खर्च करावा लागला. स्वस्त वाटलेला मार्ग अखेरीस स्वस्त ठरला नाही.

डिचोलीत या खर्चाचा विचार खाण व्यवसायापासून वेगळा करता येत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केले. शिरगाव, मये, मुळगाव परिसरातील ट्रकमालक व कामगार यांचे उत्पन्न तुटले, तेव्हा दरमहा ठरावीक बिल भरणे अवघड झाले. पेडण्यात हरमल, मोरजी, मांद्रे येथे पर्यटनामुळे खाजगी कंपन्या आपणहून आल्या, कारण तेथे ग्राहक होते. आतल्या गावांना ते भाग्य लाभले नाही.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि गोव्याच्या डोंगराळ गावांतील मुले सिग्नलसाठी टेकडीवर चढू लागली. अनेक कुटुंबांनी एकेका मुलासाठी वेगळा फोन व वेगळे रिचार्ज घेतले. एका तारेवर सर्व घर चालले असते, तेथे तीन फोनांची तीन बिले सुरू झाली आणि ती पुढेही चालू राहिली. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी मोबाइलचे दर सुमारे १० ते २५ टक्क्यांनी वाढविले, तेव्हा ही वाढ अशा घरात तीनदा लागू झाली.