पोर्तुगाल आणि स्पेन : दोन शेजारी देशांच्या प्रवासाची आखणी

युरोपचा प्रवास म्हटला की आपल्या भाविकांच्या मनात प्रथम रोम आणि लूर्द ही नावे येतात. वसई, मुंबई आणि गोव्याच्या ख्रिस्ती इतिहासाशी ज्यांचा थेट संबंध आहे, ते पोर्तुगाल व स्पेन हे देश मात्र अनेकदा यादीच्या शेवटी राहतात. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. या दोनशे वर्षांच्या खुणा आपल्या चर्चच्या भिंतींवर आहेत, आडनावांत आहेत आणि जिभेवरही आहेत. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द लिस्बनच्या रस्त्यावर थोड्या वेगळ्या उच्चाराने कानी पडतात, तेव्हा परका देश एकदम ओळखीचा वाटू लागतो.

आयुष्यभराच्या बचतीतून, बहुधा एकदाच, असा प्रवास करणारी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ आहेत. 'दहा दिवसांत बारा शहरे' असा बेत पत्रकावर भरगच्च दिसतो. पण त्यातील अर्धा वेळ बसमध्ये जातो आणि घरातील वडीलधाऱ्यांना तो झेपत नाही. स्वतःच्या जबाबदारीवर किंवा लहान गटाने प्रवास करू इच्छिणाऱ्यांसाठी आम्ही येथे एक आराखडा देत आहोत.

मार्गाची दिशा

हा प्रवास एका सरळ रेषेत करावा. लिस्बन येथे उतरावे, उत्तरेकडे फातिमा व पोर्तो, तेथून सीमा ओलांडून सान्तियागो, मग आग्नेयेला माद्रिद आणि अखेरीस पूर्व किनाऱ्यावरील बार्सिलोना. परतीचे विमान बार्सिलोनाहून धरावे. जाण्याचे तिकीट एका शहराचे आणि येण्याचे दुसऱ्या शहराचे, असे एकत्र तिकीट काढता येते. त्यामुळे पुन्हा लिस्बन गाठण्याचा खर्च आणि एक पूर्ण दिवस वाचतो.

मुक्काम असे ठेवता येतील : लिस्बन ३ रात्री, फातिमा २, पोर्तो २, सान्तियागो २, माद्रिद ३ आणि बार्सिलोना ३. एकूण १५ रात्री. सहा ठिकाणी सामान उघडावे लागते. याहून अधिक नको. रजा कमी असेल तर प्रत्येक ठिकाणची एकेक रात्र कापण्यापेक्षा बार्सिलोना संपूर्ण वगळून माद्रिदहून परतावे.

व्हिसा कोणत्या देशाचा?

दोन्ही देश २६ मार्च १९९५ पासून शेंगेन व्यवस्थेत आहेत, म्हणून एकच व्हिसा पुरतो आणि चलनही एकच, युरो. परंतु अर्ज कोणाकडे करायचा, येथे पुष्कळांची गफलत होते. नियम असा : ज्या देशात अधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज, मुक्काम समान असेल तर ज्या देशात प्रथम प्रवेश, त्या देशाकडे. वरील आराखड्यात पोर्तुगालमध्ये ७ आणि स्पेनमध्ये ८ रात्री आहेत, म्हणून अर्ज स्पेनकडे जाईल. बार्सिलोना वगळले, तर पोर्तुगाल ७ आणि स्पेन ५ असा हिशेब होऊन अर्ज पोर्तुगालकडे करावा लागेल. म्हणून आधी मुक्काम ठरवावेत, मग अर्ज भरावा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-तीन महिने हाती ठेवणे शहाणपणाचे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे शुल्क वेगळे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे विमान बदलताना मध्ये पुरेसा वेळ ठेवावा.

केव्हा जावे?

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये माद्रिद व तोलेदो येथे पारा ३५ अंशांच्या वर जातो. वृद्धांनी हे महिने टाळावेत. उलट सान्तियागोचा प्रदेश आपल्या कोकणासारखा हिरवा आणि पावसाळी. छत्री केव्हाही जवळ हवी.

दोन तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. १२-१३ मे आणि १२-१३ ऑक्टोबर या दिवशी फातिमा येथे लाखोंचा समुदाय असतो. त्यात सामील व्हायचे असेल तर निवासाची सोय कित्येक महिने आधी करावी; शांतपणे प्रार्थना करायची असेल तर हे दिवस टाळावेत. दुसरे म्हणजे, संत याकोबाचा सण २५ जुलै ज्या वर्षी रविवारी येतो ते वर्ष सान्तियागो येथे पवित्र वर्ष मानले जाते. २०२७ हे असे वर्ष आहे. तेव्हा तेथील गर्दी आणि निवासाचे दर दोन्ही वाढलेले असतील.

लिस्बन : ३ रात्री

पहिला दिवस थकवा घालवण्यात जातो. त्या दिवशी जवळच फिरावे. कॅथेड्रलच्या शेजारी संत अंतोनीच्या जन्मस्थानी उभे असलेले चर्च आहे. आपण ज्यांना पादुआचे संत अंतोनी म्हणतो, ते मुळात लिस्बनचे. दुसऱ्या दिवशी बेलेम येथील जेरोनिमोस मठ पाहावा. वास्को द गामा यांची कबर येथेच आहे. हा मठ सोमवारी बंद असतो, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा.

साओ रोके चर्च बाहेरून साधे दिसते. पण त्याच्या साक्रिस्तीत संत फ्रान्सिस झेविअर यांच्या जीवनावरील चित्रमालिका आहे. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते याच शहरातून भारताकडे निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. तेरा महिन्यांचा तो प्रवास आठवला की आपल्या विमानातील तासांची तक्रार करवत नाही. साओ विसेन्ते दे फोरा येथे ब्रागान्सा राजघराण्याच्या कबरी आहेत. जिच्या विवाहात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, ती राजकन्या कॅथरीन येथेच विसावली आहे.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, झालेल्या भूकंपाने हे शहर उद्ध्वस्त केले. छप्पर नसलेले कार्मो चर्च त्याची साक्ष म्हणून तसेच ठेवले आहे. लिस्बन टेकड्यांवर वसलेले आहे आणि पदपथांचे गुळगुळीत दगड पावसात निसरडे होतात. चांगल्या तळाची पादत्राणे आवश्यक.

फातिमा : २ रात्री

लिस्बनहून बसने सुमारे दीड तास. येथे एक इशारा : 'फातिमा' नावाचे रेल्वे स्थानक तीर्थस्थानापासून सुमारे २० किलोमीटर दूर आहे. नकाशावर नाव पाहून रेल्वेचे तिकीट काढू नये, बसच सोयीची.

१३ मे ते १३ ऑक्टोबर १९१७ या काळात लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन मेंढपाळ मुलांना येथे मारियामातेने दर्शन दिले, अशी श्रद्धा आहे. फ्रान्सिस्को व जासिंता यांना १३ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संतपद बहाल केले. त्या भावंडांच्या व लुसियाच्या कबरी महामंदिरात आहेत. दर्शनस्थळी छोटे प्रार्थनालय असून तेथील मूर्तीच्या मुकुटात, १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर झाडलेली गोळी बसवलेली आहे. ईस्टर ते ऑक्टोबर या काळात रात्री साडेनऊला रोझरी आणि मेणबत्त्यांची मिरवणूक असते. बहुतेक सहली दुपारी येऊन संध्याकाळी निघतात आणि नेमकी हीच गोष्ट त्यांची चुकते. येथे रात्रीचा मुक्काम ठेवण्याचे हेच कारण.

दुसऱ्या दिवशी वाहन ठरवून बाताल्या व आल्कोबासा येथील मठ आणि तोमार येथील ख्रिस्त-संघाचा मठ पाहता येतो. तिन्ही जागतिक वारसा स्थळे आहेत. एका दिवसात दोनच निवडावीत. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरील लाल क्रूस तोमारच्या याच संघाचा होता.

पोर्तो : २ रात्री

वाटेत कोइम्ब्रा लागते. १२९० मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ १५३७ पासून कायमचे येथे आहे. फातिमाहून बसने कोइम्ब्रा आणि तेथून रेल्वेने पोर्तो असा टप्पा करता येतो. पोर्तोमध्ये दोरू नदीचा काठ, १८८६ चा लोखंडी पूल आणि साओ बेन्तो स्थानकातील निळ्या फरशांची चित्रे पाहावीत. त्यांना तिकीट लागत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी ब्रागाजवळील बॉम जेझूसचा टप्प्याटप्प्यांचा जिना चढावा. इतरांसाठी १८८२ पासून पाण्याच्या वजनावर चालणारी तारेची गाडी आहे.

सीमा आणि घड्याळ

पोर्तोहून सान्तियागोला थेट बस आहे. रेल्वेने जायचे तर व्हिगो येथे गाडी बदलावी लागते आणि तेथे दोन वेगळी स्थानके आहेत. जड सामान असल्यास बसच बरी. वाटेत मिन्यो नदी हीच सीमा : एका तीरावर पोर्तुगालचा वालेन्साचा किल्ला, दुसऱ्या तीरावर स्पेनचे तुई. सहसा तपासणी होत नाही, तरी पासपोर्ट हाताशी असावा. मात्र नदी ओलांडताच घड्याळ एक तास पुढे करावे लागते. तिकिटावरील वेळा त्या त्या देशाच्या असतात. पुढील गाडी ठरवताना हा तास विसरू नये.

सान्तियागो : २ रात्री

प्रेषित संत याकोब यांची कबर येथे असल्याची परंपरा आहे. पायी येणाऱ्यांना शेवटचे किमान १०० किलोमीटर चालल्यावर प्रमाणपत्र मिळते. तुईहून निघणारी पोर्तुगीज वाट या अटीत बसते. तरुणांनी त्यासाठी सहा-सात दिवस वेगळे काढावेत. कॅथेड्रलमधील प्रचंड धूपपात्र रोज हलवले जात नाही. तेवढ्यासाठीच आलेल्यांची निराशा होते. शिल्पकार मातेओ यांचे गौरवद्वार मात्र अवश्य पाहावे.

माद्रिद : ३ रात्री

डिसेंबर २०२१ पासून सान्तियागो ते माद्रिद हा प्रवास वेगवान रेल्वेने साडेतीन तासांच्या आत होतो. लिस्बन ते माद्रिद ही रात्रीची गाडी मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली. जुन्या मार्गदर्शिकांतील तिच्या उल्लेखावर विसंबू नये.

माद्रिदमधून दोन शहरे एकेका दिवसात होतात. तोलेदो रेल्वेने अर्ध्या तासावर. तेथील सान्तो तोमे चर्चमध्ये एल ग्रेको यांचे 'काउंट ऑर्गाझ यांचा दफनविधी' हे चित्र आहे, त्याच्याच जागी. आविला सुमारे दीड तासावर. १५१५ मध्ये येथे जन्मलेल्या संत तेरेसांचे हे तटबंदीचे नगर. संध्याकाळी प्राडो संग्रहालयात शेवटचे दोन तास प्रवेश विनामूल्य असतो.

झेविअर यांच्या जन्मस्थानाची ओढ असेल, तर माद्रिद व बार्सिलोना यांच्यामध्ये पाम्प्लोना येथे दोन रात्री वाढवाव्यात. हाविएर येथील किल्ला तेथून सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि संत इग्नेशियस यांचे लोयोला दुसऱ्या दिशेला. सार्वजनिक वाहने अपुरी असल्याने चार-पाच जणांनी मिळून गाडी करावी. जुन्या गोव्यात ज्यांच्या पवित्र अवशेषांपुढे आपण गुडघे टेकतो, त्यांनी ज्या अंगणात बालपण घालवले ते पाहण्यासाठी हे दोन दिवस मोलाचे आहेत.

बार्सिलोना : ३ रात्री

माद्रिदहून अडीच-तीन तास. रेल्वेत चढण्यापूर्वी सामानाची तपासणी होते. अर्धा तास आधी पोहोचावे. साग्रादा फामिलियाचे काम १८८२ मध्ये सुरू झाले. शिल्पकार आंतोनी गाउदी १९२६ मध्ये निवर्तले आणि ७ नोव्हेंबर २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी या मंदिराचे अभिषेचन केले. प्रवेश ठरलेल्या वेळेचा आणि तिकीट केवळ इंटरनेटवरून. आधी न काढल्यास दारातून परतावे लागते. एक दिवस मोंसेरातच्या काळ्या मातेसाठी ठेवावा. रेल्वे आणि पुढे दातेरी रुळांची गाडी किंवा रज्जुमार्ग अशी सोय आहे.

घरच्या वडीलधाऱ्यांसाठी

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊनंतर मिळते. मधुमेही व्यक्तींनी बरोबर खाद्यपदार्थ ठेवावेत. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत असावीत. दोन्ही देशांत तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. भारताचे दूतावास लिस्बन व माद्रिद येथे आहेत. लिस्बनची २८ क्रमांकाची ट्राम आणि बार्सिलोनाची मेट्रो येथे पाकीटमारांपासून सावध राहावे. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत. काही शहरांत हॉटेलच्या दराखेरीज शहराचा कर द्यावा लागतो. लिस्बनमध्ये तो सप्टेंबर २०२४ पासून माणशी रात्रीला ४ युरो आहे.

दर तीन-चार दिवसांनी एक दुपार पूर्ण मोकळी ठेवावी. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी आराखडा आधी त्यांच्यासमोर वाचावा आणि कोणती दोन ठिकाणे त्यांना चुकवायची नाहीत, ते विचारावे. ती दोन ठिकाणे निश्चित करून उरलेली त्यांच्याभोवती गुंफावीत. शुल्क व वेळापत्रके बदलत असतात. पैसे भरण्यापूर्वी संबंधित अधिकृत संकेतस्थळावर ती एकदा पडताळून घ्यावीत.