एका ‘किंवा’ची गोष्ट

मुलांना इतिहास शिकविण्यांत माझें सारें आयुष्य गेलें. आतां साठी उलटली आहे आणि वर्ग सुटला आहे. परंतु त्या वर्गांत केलेली एक चूक अद्याप मनाला टोंचते. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचा धडा चालू असतां मीं मुलांना खुशाल सांगितलें कीं, त्याची राणी लिव्हिया हिनें त्याला अंजिरांतून विष घालून मारलें. मागच्या बाकावरच्या एका मुलानें विचारलें, “गुरुजी, हें कोणीं पाहिलें?” मीं त्याला दटावून खालीं बसविलें. खरें कारण असें कीं, उत्तर मजजवळ नव्हतें. ती हकीकत मीं इतिहासग्रंथांत वाचलेली नव्हती. एका कादंबरींत वाचली होती. त्या मुलाचें उत्तर देणें राहून गेलें आहे. तें आज देतों.

ती कादंबरी म्हणजे रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज लेखकाची ‘आय, क्लॉडियस’. ती १९३४ सालीं प्रसिद्ध झाली, आणि १९७६ सालीं बी. बी. सी.नें तिची दूरचित्रवाणी-मालिका केल्यावर असंख्य घरांत जाऊन पोंचली. क्लॉडियस हा लिव्हियाचा नातू. लहानपणापासून लंगडा, अडखळत बोलणारा, घरच्यांनीं मंदबुद्धीचा समजून मागें सारलेला. तोच पुढें इ. स. ४१ ते ५४ पर्यंत सम्राट होता. त्यानें आत्मचरित्राचे आठ भाग लिहिले होते. ते काळाच्या उदरांत गडप झाले. त्या हरवलेल्या ग्रंथाच्या जागीं ग्रेव्ह्ज यांनीं आपला ग्रंथ ठेवला. कल्पना मोठी सुंदर! वाचतांना आपण जणूं त्या राजघराण्याच्या माजघरांतच बसलों आहों असें वाटतें.

आतां त्या घराची हकीकत ऐका. लिव्हिया आणि ऑगस्टस यांचा विवाह इ. स. पू. ३८ मध्यें झाला. त्या वेळीं पहिल्या पतीपासून झालेला तिचा मुलगा टायबेरियस तीन वर्षांचा होता, आणि दुसरें मूल पोटांत होतें. ऑगस्टसपासून तिला मूल लाभलें नाहीं. त्याला आधींच्या पत्नीपासून ज्यूलिया ही एकच मुलगी. तेव्हां वारसा जावयाचा तो ज्यूलियाच्या पतीकडे किंवा मुलांकडे. परंतु जांवई मार्सेलस हा इ. स. पू. २३ मध्यें ऐन तारुण्यांत मेला. पुढें दत्तक घेतलेल्या दोघां नातवांपैकीं ल्यूसियस इ. स. २ मध्यें मासिलिया येथें, आणि गायस इ. स. ४ मध्यें, आर्मेनियांत झालेल्या जखमेनंतर, लिशियांत वारला. तिसरा नातू अग्रिप्पा हा एका बेटावर हद्दपारींत होता. इ. स. १४ मध्यें नोला येथें ऑगस्टसनें प्राण सोडला, आणि लागलीच त्या अग्रिप्पाचा वध झाला. गादीवर बसला टायबेरियस.

प्रत्येक मृत्यूबरोबर लिव्हियाचा मुलगा गादीकडे एक पाऊल सरकतो. हें वाचतांना आपल्या मनांत कैकेयी उभी राहिल्यावांचून राहत नाहीं. रोमन लोकांनाहि सावत्र आई म्हटली कीं कपट आठवत असे.

पण पुरावा काय सांगतो? टॅसिटसनें सुमारें शंभर वर्षांनीं आपला इतिहास लिहिला. त्या दोन नातवांना अकालीं ओढवलेल्या दैवानें नेलें किंवा सावत्र आईच्या कारस्थानानें, एवढेंच तो म्हणतो. श्रोतेहो, त्या वाक्यांतला ‘किंवा’ विसरूं नका. डिओ कॅसियस हा त्याहूनहि शंभर वर्षांनीं मागाहूनचा. मार्सेलसच्या मृत्यूबद्दलचा लिव्हियावरील संशय तो सांगतो. पण त्या वर्षीं आणि पुढच्या वर्षीं रोगराईनें पुष्कळ लोक दगावले, म्हणून त्या संशयाविषयीं वाद होता, हेंहि नमूद करतो. अंजिरांची गोष्ट त्याचीच, आणि तीहि ऐकीव. स्वेटोनियस मात्र सांगतो कीं, शहात्तरीला टेकलेला ऑगस्टस पोट बिघडून आजारी पडला आणि लिव्हियाच्या मुखाचें चुंबन घेत, सुखानें संपलेल्या संसाराची तिला आठवण देत, वारला.

कादंबरींत हा ‘किंवा’ उरत नाहीं. तेथें लिव्हिया भोजनाच्या वेळीं नातवाजवळ आपल्या कृत्यांची कबुली देते. अशी कबुली कोणत्याहि जुन्या ग्रंथांत नाहीं. कादंबरीकाराला ती मुभा आहे. ‘किंवा’वर कथानक उभें राहत नाहीं. मला मास्तराला ती मुभा नव्हती.

मग ही कुजबूज उठली कशी? रोमच्या साम्राज्याचे मोठे निर्णय आतां एका घरांत होऊं लागले होते. त्या घरांतल्या स्त्रीला अधिकारपद नव्हतें, पण तिचा शब्द चाले. तो कसा चाले, हें बाहेरच्यांना दिसत नसे. जेथें दार बंद, तेथें तर्काला ऊत! शिवाय त्या काळीं विष कोणतें आणि रोग कोणता, हें ओळखण्याचें साधन कोणाजवळहि नव्हतें.

लिव्हिया साध्वी होती असें मात्र माझें म्हणणें नाहीं. या लंगड्या नातवाचा तिनें फार अव्हेर केला. ती त्याच्याशीं क्वचितच बोले. कानउघाडणी करावयाची ती त्रोटक, बोंचक चिठ्ठ्यांनीं करी. अग्रिप्पाच्या वधाचा डागहि तिच्यावरून पुरता पुसला जात नाहीं. परंतु इ. स. २९ मध्यें ती ८६ वर्षांची होऊन वारली, तेव्हां सेनेटनें तिच्या स्मरणार्थ कमान उभारण्याचा ठराव केला. तिनें पुष्कळांचे प्राण वांचविले होते, अनेकांचीं मुलें वाढविलीं होतीं, कित्येकांच्या मुलींच्या लग्नांस हातभार लावला होता. टायबेरियसनें ती कमान स्वखर्चानें बांधतों म्हणून सांगितलें, आणि कधींच बांधली नाहीं. तिला देवत्वाचा मान दिला तो इ. स. ४२ मध्यें, त्या अव्हेरलेल्या क्लॉडियसनेंच.

अशी कादंबरी जरूर वाचावी. मीहि ती पुनः वाचतों, आणि तितक्याच आनंदानें वाचतों. मात्र पुस्तक मिटल्यावर मेलेल्या माणसाला त्याचा ‘किंवा’ परत द्यावा. त्याला स्वतःची बाजू मांडतां येत नाहीं.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आज कोठें असेल, मला ठाऊक नाहीं. पण तो ऐकत असेल, तर त्याला सांगावयाचें आहे: बाळ, तें कोणींहि पाहिलें नाहीं. तुझा प्रश्न बरोबर होता.