संगणकातील अखंड पहारा

पुणे - बँकेचे संकेतस्थळ, रेल्वेचे आरक्षण, कार्यालयातील ई-मेल किंवा खिशातील मोबाईल या सर्वांच्या मागे काही प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. पडद्यावर त्यांची खिडकी नसते आणि त्यांच्यासमोर कोणी बसलेले नसते. युनिक्स घराण्यातील ऑपरेटिंग सिस्टीममध्ये त्यांना 'डीमन' म्हणतात. त्यांपैकी एखादा मध्यरात्री बंद पडला तर ते कोणाला, किती लवकर आणि कोणत्या मार्गाने कळते, यावर त्या सेवेची विश्वासार्हता अवलंबून असते. बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणे तुलनेने सोपे आहे. ती बंद पडल्याचे खात्रीने कळणे हे खरे अवघड काम होय.

पहिली प्रोसेस

युनिक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला 'प्रोसेस' म्हणतात आणि प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक मिळतो. संगणक सुरू होताच कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, एक क्रमांकाची प्रोसेस सुरू करतो. तिचे रूढ नाव 'इनिट'. पुढील सेवांचा वंशवृक्ष तिच्यापासून वाढतो. एखाद्या प्रोसेसची पालक प्रोसेस आधी संपली, तर त्या पोरक्या प्रोसेसला सामान्यतः इनिटच दत्तक घेते.

प्रोसेस संपली की कर्नल तिच्या पालकाला तसा संदेश देतो आणि ती कोणत्या कारणाने संपली याची नोंद पालकाने वाचेपर्यंत जपून ठेवतो. म्हणजे मृत्यूची खात्रीशीर वार्ता पालकाला आपोआप मिळते, परक्याला नाही. चांगल्या देखरेखीचा पाया या नात्यात आहे.

जुनी पद्धत नेमकी येथेच लंगडी पडत असे. सेवा सुरू होताना आपल्या पालकापासून मुद्दाम विलग होत असे आणि आपला क्रमांक एका फाईलमध्ये लिहून ठेवत असे. ती चालू आहे की नाही हे पाहणारी स्क्रिप्ट ठरावीक वेळाने तो क्रमांक तपासत असे. परंतु क्रमांक मर्यादित असतात. लिनक्समध्ये ही मर्यादा अनेक वर्षे ३२,७६८ होती, आणि क्रमांक संपले की जुने पुन्हा वापरले जातात. सेवा केव्हाच संपलेली असे, तिचा क्रमांक दुसऱ्याच प्रोग्रॅमला मिळालेला असे आणि तपासणी करणारा मात्र 'सर्व ठीक' असा शेरा देई. भाडेकरू बदलला, तरी टपालपेटीवर जुनेच नाव राहावे तसा हा प्रकार होता.

दार उघडून पाहणे आणि घंटा वाजणे

दूधवाला आला का, हे पाहण्यासाठी दर पाच मिनिटांनी दार उघडणारा गृहस्थ दोन्हीकडून गमावतो. त्याचा वेळ वाया जातो आणि दूधवाला मधल्या वेळात आला, तर ते त्याला उशिरा कळते. दाराला घंटा बसवणे हा त्यावरचा उपाय. संगणकातील 'घटना-सूचना' म्हणजे अशी घंटाच.

१९८३मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये 'सिलेक्ट' ही सोय आली. अनेक जोडण्यांपैकी कोणत्या जोडणीवर काही घडले, हे प्रोग्रॅमला एकाच ठिकाणी थांबून कळू लागले. मात्र प्रत्येक वेळी सगळी यादी कर्नलच्या हाती द्यावी लागे. जोडण्या हजारोंच्या घरात गेल्यावर ही पद्धत तोकडी पडली. त्यानंतर २०००मध्ये फ्रीबीएसडीत 'के-क्यू' आणि २००२मध्ये लिनक्सच्या विकास-आवृत्तीत 'ई-पोल' आले. यांत यादी एकदाच नोंदवायची असते. पुढे जे घडेल तेवढेच कर्नल कळवतो. फाईलमधील बदल कळवणारी 'आय-नोटिफाय' ही सोय लिनक्सला २००५मध्ये मिळाली.

के-क्यूमध्ये प्रोसेस संपल्याची घटनाही नोंदवता येते. लिनक्समध्ये २०१९च्या ५.३ आवृत्तीपासून प्रोसेसचा क्रमांक न वापरता तिच्याकडे निर्देश करणारा पक्का दुवा धरून ठेवता येतो आणि ती संपताच त्या दुव्यावर सूचना मिळते. क्रमांकाच्या गोंधळावरचा हा मूलगामी उपाय म्हणता येईल.

पर्यवेक्षकांच्या पिढ्या

सिस्टीम व्ही या युनिक्समधील इनिटला 'बंद पडल्यास पुन्हा सुरू कर' अशी आज्ञा देता येत असे. व्यवहारात ती प्रामुख्याने लॉगिनच्या टर्मिनलपुरती वापरली जाई. वेब किंवा मेलसारख्या सेवा एकदा सुरू करून सोडून दिल्या जात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गणितज्ञ डॅनियल बर्नस्टीन यांनी 'डीमनटूल्स' हा संच लिहिला. त्यात प्रत्येक सेवेसाठी एक लहानसा पर्यवेक्षक असतो, तो स्वतःच तिचा पालक होतो आणि ती संपताच पुन्हा सुरू करतो. 'रनिट' हा संच याच विचारातून आला.

मोठ्या कंपन्यांनीही हा मार्ग धरला. २००५मध्ये सन कंपनीच्या सोलारिस १०मध्ये 'एसएमएफ' आणि ॲपलच्या मॅक ओएस टेन टायगरमध्ये 'लाँचडी' आले. २००६मध्ये उबुंटूने घटनांवर चालणारे 'अपस्टार्ट' स्वीकारले. २०१०मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 'सिस्टीमडी' पुढे आणले. सेवेने जन्म दिलेल्या सर्व प्रोसेस कर्नलच्या साह्याने एका गटात ठेवल्यामुळे त्यातील कोणतीही निसटत नाही. आज बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांत तेच वापरले जाते. इनिटने इतकी कामे अंगावर घ्यावीत का, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

खोडदचा धडा

या विषयाचे महत्त्व पटवणारे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांपैकी चौदा मध्यभागी आणि उर्वरित सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. त्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने एका इमारतीत येतात. २०१०च्या सुमारास हे संकेत लिनक्स संगणकांच्या समूहावर तत्क्षणी हाताळण्याची सोय झाली. या साखळीतील एखादा प्रोग्रॅम निमूटपणे थांबला, तर त्या क्षणांचे आकाश कायमचे हुकते. तो स्पंद परत मागवता येत नाही.

जीएमआरटीच्या नूतनीकरणात नियंत्रणासाठी 'टँगो' या चौकटीवर आधारित प्रणाली विकसित करण्यात आली. टँगोत प्रत्येक संगणकावर 'स्टार्टर' नावाचा पर्यवेक्षक असतो, तर यंत्रांच्या स्थितीतील बदल घटनांच्या रूपाने कळवले जातात. त्यात एक मार्मिक सोय आहे. बदल नसला, तरी दर सुमारे दहा सेकंदांनी 'मी जिवंत आहे' असा ठोका पाठवला जातो. कारण शांततेचे दोन अर्थ होऊ शकतात, सारे क्षेमकुशल आहे किंवा सांगणाराच गेला. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभारल्या जात असलेल्या एसकेए या महादुर्बिणीसाठीही २०१५मध्ये टँगोची निवड झाली. तिच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरचा आराखडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व पुण्यातील एनसीआरए या संस्थेकडे होते.

पुन्हा सुरू करण्याची मर्यादा

सेवा जिवंत असूनही निष्क्रिय असू शकते. अशा वेळी मृत्यूची वार्ता येणारच नाही. त्यासाठी सिस्टीमडीत सेवेने ठरावीक वेळेत हजेरी द्यावी, न दिल्यास तिला थांबवून पुन्हा सुरू करावे, अशी व्यवस्था करता येते.

याउलट, मुळातच दोष असलेली सेवा पुन्हा पुन्हा सुरू केल्याने संगणकाची शक्ती वाया जाते आणि दोष झाकला जातो. म्हणून जवळपास प्रत्येक पर्यवेक्षकाने मर्यादा घातली आहे. लिनक्समधील जुना इनिट दोन मिनिटांत दहापेक्षा अधिक वेळा बंद पडणाऱ्या प्रोग्रॅमला पाच मिनिटे बाजूला ठेवत असे. सिस्टीमडी मूळ मांडणीनुसार दहा सेकंदांत पाच प्रयत्नांनंतर हात टेकते. अँड्रॉइडमध्ये 'अत्यावश्यक' ठरवलेली सेवा चार मिनिटांत चारपेक्षा अधिक वेळा कोसळली, तर फोन मूळ मांडणीनुसार बूटलोडरमध्ये पुन्हा सुरू होतो.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पर्यवेक्षकाने सेवा पुन्हा उभी केली म्हणजे काम संपले, असे नव्हे. ती का पडली, हे कर्नलने पालकाला सांगितलेले असते आणि नोंदवहीत ते उतरलेलेही असते. सकाळी कामावर येताच ती नोंद कोणीतरी वाचली पाहिजे. ती वाचली गेली नाही, तर पहारेकरी रात्रभर जागूनही घराला त्याचा उपयोग होत नाही.