सोन्याचा मुलामा

३४ बोटे लांबीची एक काठी घ्या आणि २१ बोटांवर खूण करा. उरतात १३ बोटे. आता गंमत पाहा. सगळी काठी मोठ्या तुकड्याच्या जितकी पट, जवळजवळ तितकीच पट मोठा तुकडा धाकट्याच्या. ही पट येते सुमारे १.६१८. हेच ते सुवर्ण गुणोत्तर.

ग्रीकांना ते ठाऊक होते. इ. स. पूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने रेषा अशी कशी छेदावी हे सांगितले. पण नाव ठेवले अगदी रोकडे, 'अन्त्य व मध्यम गुणोत्तर'. त्यात ना सोने, ना देव! 'सुवर्ण' हे विशेषण मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या १८३५ सालच्या पुस्तकात सापडते.

मग यात अथेना देवी आली कुठून? अथेन्सच्या टेकडीवर तिचे पार्थेनॉन हे देऊळ इ. स. पूर्वी ४४७ मध्ये बांधायला घेतले. आतली सोन्याची व हस्तिदंताची मूर्ती फिडियसची. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या नावातले 'फाय' हे अक्षर या गुणोत्तराची खूण ठरले. देऊळही त्याच मापाचे, असेही लोक सांगू लागले. अहो, पण टेप लावून पाहा ना! चौथरा ६९.५ मीटर लांब, ३०.९ मीटर रुंद. म्हणजे सव्वादोन पट झाली. १.६१८ कुठे आहे?

देवाच्या कोपाची खरी कथा आहे ती पंचकोनाची. सुसम पंचकोनाचा कर्ण बाजूच्या बरोबर याच पटीत असतो. पायथागोरसच्या शिष्यांची खूण पाच टोकांची चांदणी, आणि श्रद्धा अशी की सारे विश्व पूर्णांकांवर उभे आहे. आता पंचकोनाचे पाचही कर्ण काढा. मध्ये धाकटा पंचकोन उमटतो, त्यात आणखी धाकटा, आणि हे संपतच नाही. बाजू व कर्ण नेमके मोजणारे एकच माप असते, तर त्याने आतले सगळे पंचकोनही मोजले गेले असते. पण ते तर कुठल्याही मापाहून बारीक होत जातात! काठीच्या वेळी 'जवळजवळ' म्हटले ते यासाठीच.

पुष्कळ नंतरचा लेखक आयाम्ब्लिकस सांगतो, की बारा पंचकोनांच्या घनाकृतीचे गुपित फोडणारा हिप्पासस त्या पापापायी समुद्रात बुडाला. कोणी म्हणत, बुडाला तो अपरिमेयाचे रहस्य सांगणारा. दंतकथाच ती, पण पूर्णांकांवरची श्रद्धा ढासळताना त्या मंडळींना काय वाटले असेल, ते तिच्यात दिसते.

शिक्षकांनी फळ्यावर हातभर बाजूचा पंचकोन काढावा. आतले तीन-चार पंचकोन खडूने निघतात. पुढे रेघच जाड पडते.