सुश्रुतोक्त तालयंत्र आणि नासागत शल्य
सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, त्वचा-मांसादिकांतील शल्य काढण्यास सोळा अंगुलांचा संदंश सांगितला आहे; कान व नाक यांकरिता मात्र बारा अंगुलांचे, मत्स्यतालाची (खवल्याची म्हणा) उपमा दिलेले तालयंत्र. तेथे बालकाचा निर्देश नाही. विचार शल्याच्या स्थानाचा आहे, रोग्याच्या वयाचा नव्हे. तेव्हा एवढ्यावरून प्राचीन बालशल्यचिकित्सा सिद्ध करू पाहणे धाडसाचे होईल. तथापि हा यंत्रभेद केवळ वर्गीकरणाच्या हौसेचा नसावा. मुलाच्या नाकातील मणी वा हरभरा चिमट्याने धरू गेल्यास निसटून अधिकच आत जातो. त्याच्या पाठीमागे पातळ अग्र सरकवून तो पुढे ओढावा लागतो. आजचे वैद्यही गुळगुळीत, गोल पदार्थास बोथट आकडाच लावतात. सत्ताविसाव्या अध्यायात तर शल्य स्वभावतः बाहेर टाकणाऱ्या वेगांत शिंकेचीही गणना आहे.