दुधाळ पेनिसिलिन आणि घोड्याची शीर

१९४१ साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचले गेले. औषध शरीराबाहेर इतक्या वेगाने पडे, की त्याच्याच मूत्रातून ते पुन्हा वेगळे करून वापरावे लागले. साठा संपला आणि तो दगावला. पुढेही काही वर्षे दर तीन-चार तासांनी सुई अटळ होती. रुग्णालयात हे कसेबसे जमे. तबेल्यात कोण करणार?

त्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिनला प्रोकेनची जोड मिळाली. प्रोकेन म्हणजे दंतवैद्यांचे जुने नोव्होकेन, बधिरता आणणारे. हे संयुग पाण्यात जेमतेम विरघळते. स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरते. दिवसाला एक-दोन टोचण्या पुरू लागल्या.

धोकाही त्याच जोडीदारात होता. सुईचे टोक चुकून शिरेत शिरले, तर प्रोकेन थेट मेंदूपर्यंत पोहोचते. घोडा क्षणात बिथरतो, उधळतो, कोसळतो, कधी मरतो. जवळच्या माणसाचीही धडगत नसते. हा प्रकार ॲलर्जी समजला जाई. माणसांतील अशा प्रतिक्रिया ॲलर्जीहून वेगळ्या असल्याचे स्वित्झर्लंडच्या होइन्ये यांनी १९५९ मध्ये नोंदवले.

म्हणूनच औषध सोडण्यापूर्वी पिचकारीचा दट्ट्या मागे ओढून पाहतात. रक्त दिसले, की सुई काढून जागा बदलायची. बाटलीही थंड जागी ठेवायची, कारण उष्णतेने प्रोकेन अधिक विरघळते.

शर्यतीच्या घोड्याची आणखी एक पंचाईत. लंगडणे लपवू शकणारे प्रोकेन तिथे निषिद्ध. त्यामुळे प्रामाणिक उपचारानंतरही त्याचे मूत्र चाचणीत अडकते.